दोन 'डी. व्ही. नाईक', दोन खोल्या आणि एक ट्रंक

गिरगावातल्या एका वाडीत तळमजला अधिक तीन माळ्यांची चाळ आहे. बांधकाम १ सप्टेंबर १९४० च्या आधीचं, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या 'अ' वर्गातलं. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, म्हणजे अशा जुन्या इमारतींसाठीच्या नियमाखाली, पुनर्विकास करायचा ठरला आणि विकासकाच्या माणसांनी भाडेकरूंची यादी तयार केली. त्या यादीत दुसऱ्या माळ्यावरच्या तेवीस नंबरसमोर आणि तिसऱ्या माळ्यावरच्या चौतीस नंबरसमोर एकच नाव आलं: डी. व्ही. नाईक. सर्वेक्षणाला आलेल्या मुलाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एकच भाडेकरू, दोन खोल्या'. पुढचं सगळं प्रकरण या एका शेऱ्यातून उभं राहिलं.

भाडेकरू संघाच्या कागदांची जुळवाजुळव माझ्याकडे होती, म्हणून ते पहिल्यापासून बघायला मिळालं. खोल्यांचे क्रमांक, आद्याक्षरं आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे बदलले आहेत.

शेरा चुकला तर काय होतं

बाहेरच्या माणसाला हा कारकुनी घोळ वाटेल. पण ३३(७) मध्ये सगळं यादीवर चालतं. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ जी यादी प्रमाणित करतं, तीच पुढे धरली जाते. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेदारी त्यात मोजत नाहीत, आणि २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीच्या सध्याच्या नियमावलीप्रमाणे पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. विकासकाला ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीने प्रस्ताव पुढे नेता येतो. आता दोन खोल्या एकाच माणसाच्या ठरल्या की संमतीपत्रावर सही एका घराची, पर्यायी जागेच्या करारावर नाव एका घराचं आणि ट्रान्झिट भाड्याचे, म्हणजे बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याच्या भाड्याचे, चेकही एकाच खात्यात. दुसरं घर असेल, तर ते यादीतून पुसलं जातं. आणि एकदा प्रमाणित झालेली यादी बदलून घेणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. १९९६ च्या तारखेची चाळणीही इथे उपयोगाची नव्हती, कारण दोन्ही खोल्यांच्या पावत्या त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या.

तेवीस नंबरमध्ये माणसं राहत होती: आई, मुलगा, सून, नात. चौतीसला २००४ पासून कुलूप. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत. त्याने दोन्ही खोल्यांवर हक्क सांगितला आणि हे मुद्दाम लिहितो की, त्याने तो खोटेपणाने सांगितला नाही. वडील गेल्यानंतर पोटमाळ्यावरची ट्रंक उघडली, तर तारेला ओवलेल्या भाडेपावत्यांचे दोन गठ्ठे निघाले. एक तेवीसचा, एक चौतीसचा. दोन्हींवर आजोबांचं नाव. पन्नासच्या दशकापासूनच्या पावत्या, आणि चौतीसच्या गठ्ठ्यातल्या २००४ पासूनच्या पावत्यांच्या मागे वडिलांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा, 'भरले'. कुणालाही वाटलं असतं तेच त्यालाही वाटलं.

विकासकाच्या प्रतिनिधीला तर हे सोयीचंच होतं. एक माणूस कमी म्हणजे एक सही कमी.

चाळ नाईकांना कशी ओळखायची

जुन्या रहिवाशांना विचारायला सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण ही आली की चाळीत कधीकाळी एक नव्हे, चार नाईक होते आणि त्यांना 'नाईक' एवढंच कुणीच म्हणत नसे. वेंगुर्ल्याचे नाईक, कारवारचे नाईक, खानावळवाले नाईक आणि पोलीस नाईक. यातले खानावळवाले खोली सोडून फार पूर्वी गेले. पोलीस नाईकांचं प्रकरण गमतीचं. त्यांचं आडनाव भलतंच होतं. ते पोलीस खात्यात 'नाईक' या हुद्द्यावर होते, शिपायाच्या वर आणि हवालदाराच्या खाली. हे पद कालपरवापर्यंत आपल्या पोलीस दलात होतं. चाळीने हुद्द्यालाच आडनाव करून टाकलं आणि त्यांच्या मुलांनाही लोक 'नाईकांची पोरं' म्हणत. म्हणजे एक नाईक आपल्या डोळ्यांदेखत घडलेला.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. महाराष्ट्रातले कितीतरी नाईक याच वाटेने आलेत, फक्त दोन-चारशे वर्षं आधी. शिवकाळातल्या पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक असे आणि पाच नाईकांवर एक हवालदार. ज्याच्या हाताखाली मूठभर माणसं, तो नाईक. मग ती माणसं कोण, यावर पुढचं सगळं अवलंबून. फलटणच्या निंबाळकरांच्या आडनावाआधी 'नाईक' लागतं; शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई त्या घराण्यातल्या. बारामतीचे बाबूजी नाईक पेशवाईतले बडे सावकार, त्यांच्या घराशी पेशव्यांचं नातं जुळलेलं. आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत ज्यांनी पुरंदरच्या आसपास इंग्रजांना जेरीस आणलं आणि ज्यांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिलं गेलं ते उमाजी नाईक, रामोशी समाजातले. सरदार, सावकार आणि बंडखोर, तिघेही नाईक, आणि तिघांचं एकमेकांशी रक्ताचं देणंघेणं काही नाही.

आपण मराठी माणसं आडनावावरून गाव, जात, पोटजात हेरण्यात तरबेज असतो. ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला 'म्हणजे कुठले?' हा प्रश्न येतोच. नाईकांपुढे ही विद्या चालत नाही. कोकणात भंडारी नाईक, गोव्या-कारवारकडे सारस्वत नाईक, त्याच कारवारात कोमारपंत समाजातले नाईक, ठाणे-रायगडच्या खाडीपट्ट्यात आगरी नाईक, रत्नागिरीकडे कोकणी मुसलमान नाईक. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात जे रोमन लिपीत 'नाइक्वे' वाचलं जाईल असं स्पेलिंग करत, तेही नाईकच. आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'नायकडा, नायका' अशी जी नोंद आहे, ती वेगळीच. तिचा या कुणाशी संबंध नाही.

गिरगावात तर आणखी एक भर. इथे नाईक म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'केशवजी नाईकांपैकी का?' केशवजी नाईक चाळ म्हणजे मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव, १८९३ चा, त्यामुळे हे नाव घराघरात. मराठी सणाशी जोडलेलं नाव, मराठी वाटणारं आडनाव. पण केशवजी नायक हे कच्छी जैन शेठ, कापडगिरण्या आणि व्यापारातले. मशीद बंदरच्या भात बाजारात त्यांच्या नावाचं १८७६ चं कारंजं आणि घड्याळाचा मनोरा आजही आहे. तेवीस नंबरच्या आजोबांना आयुष्यभर कुणी ना कुणी 'केशवजींचे कोण तुम्ही?' विचारायचं आणि ते म्हणे गंभीर चेहऱ्याने 'भाडेकरू' असं उत्तर द्यायचे.

आठवणींनी घातलेला घोळ

आमचा समज असा की चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की दूध का दूध होईल. झालं उलटंच. पहिल्या माळ्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी चाळ 'बाई' म्हणते, त्यांनी ठामपणे सांगितलं, "चुलतभाऊच ते दोघे. गणपतीत एका घरचं ताट दुसऱ्या घरी गेल्याशिवाय आरती होत नसे." तळमजल्यावरचे काका म्हणाले, चुलत नव्हे, मावसभाऊ. तिसऱ्या एका आजींना चौतीसमध्ये खानावळवाले राहत होते असं पक्कं आठवत होतं.

बाईंचं म्हणणं मला सर्वात धोक्याचं वाटलं, कारण ते सर्वात पटण्यासारखं होतं. दोन बिऱ्हाडं, एक आडनाव, तीच आद्याक्षरं, दोघांच्या जेवणात माशाची आमटी आणि सोलकढी, दोघांची भाषा बाहेरच्याला सारखीच वाटावी अशी. एकाची मालवणी, दुसऱ्याची कारवारी कोकणी. घाटावरच्या शेजाऱ्याने दोघांनाही 'कोकणातले' म्हणून एका दावणीला बांधलं आणि त्यांच्यातल्या घरोब्याला नात्याचं नाव दिलं. चाळीत घरोबा असायला नातं लागत नाही हे स्वतः चाळीत जन्म काढलेली माणसं विसरतात याचं मला आश्चर्य वाटतं.

तेवीसच्या मुलाची आई मात्र सुरुवातीपासून गप्प होती. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ती खोली आमची न्हय. कारवारवाल्यांची ती. माझ्या सासऱ्यान फकस्त भाडां भरल्यान." मुलगा म्हणाला, "आई, तुला लग्नानंतरचं माहीत. त्याच्या आधीचं?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. तिच्या शब्दाला तिच्या लग्नाच्या आधीच्या काळाचा आधार नव्हता, आणि पावत्या त्याच काळापासूनच्या होत्या.

जाहीर नोटीस आणि भलते नाईक

वकिलांच्या सल्ल्याने चौतीस नंबरबद्दल जाहीर नोटीस दिली, एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात. 'डी. व्ही. नाईक यांच्या नावे असलेल्या भाडेदारीबाबत कुणाचा वारसाहक्क अथवा हितसंबंध असल्यास कळवावे'. संपर्काला माझा फोन नंबर. नोटिशीच्या भाषेत दोष नव्हता, पण मुंबईत एवढंच नाव छापणं म्हणजे काय, हे फोन वाजायला लागल्यावर कळलं.

कांदिवलीहून एका गृहस्थांचा फोन आला. गाव पुसदकडचं, समाज बंजारा. गिरगावाशी त्यांचा काही संबंध नव्हता, हे पहिल्या दोन वाक्यांत स्पष्ट झालं. पण फोन अर्धा तास चालला आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. तांड्याचा प्रमुख तो नाईक, त्याच्या हाताखाली कारभारी. तंटे तोडायचे ते नाईकाने, आणि ते पद घराण्यात चालत राहिलं की त्याचं आडनाव होतं. त्यांच्या भागातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे वसंतराव नाईक. गहुलीचे, १ जुलै १९१३ चा जन्म, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. तो जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ या काळात त्याच खुर्चीवर आले. "घराण्याचं मूळ राठोड," ते म्हणाले, "नाईक हा मान."

मुंब्र्याहून एका महिलेचा फोन आला. रत्नागिरीकडचं कोकणी मुस्लीम कुटुंब. आजोबा गोदीत कामाला, 'गिरगावाजवळ' खोली होती असं घरात बोललं जायचं. त्यांच्याकडे खोलीचं जुनं पत्र होतं. त्यांनी फोटो पाठवला, पत्ता डोंगरीचा निघाला. आजोबांच्या काळात डोंगरी ते गिरगाव पायी जायचं अंतर होतं, त्यामुळे 'जवळ' हे अगदी खोटंही नव्हतं. त्यांची खोली कधीच गेली होती. फोन करण्यामागे हक्कापेक्षा कुतूहल जास्त.

तिसरा दावा मात्र कागदांसह आला, आणि आमच्या वकिलांनीही तो आधी गंभीरपणे घेतला. साताऱ्याकडचं कुटुंब. आजोबांच्या लष्करी पेन्शनच्या कागदावर ठळक अक्षरात 'नाईक', पुढे 'डी. व्ही.' आणि मग आडनाव, जे शिक्क्याखाली पुसट झालेलं. भिंगातून बघितल्यावर दिसलं की 'नाईक' हा हुद्दा आहे. सैन्यात दोन फितींचा तो नाईक, एक फीत असलेला लान्स नाईक. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले माणगावचे यशवंत घाडगे यांचं नाव सरकारी नोंदीत 'नाईक यशवंत घाडगे' असं असतं ते याचमुळे. या कुटुंबात कुठल्या तरी बँकेच्या कारकुनाने पासबुकावर हुद्दाच आडनाव म्हणून चढवला होता आणि नातवाला कागद मिळाले ते तसेच. माणसं सरळ होती. चूक दाखवल्यावर दावा मागे घेतला.

बाकीचे फोन किरकोळ. 'वानखेडेच्या सुधीर नाईकांचं घर का?' असंही एकाने विचारलं. सुधीर नाईक म्हणजे १९७०-७१ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार आणि पुढे वानखेडेच्या खेळपट्टीचे राखणदार. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते गेले. एकाला राम नाईकांचा काही संबंध आहे का ते हवं होतं. ज्याच्या मनात जो नाईक, तो या नोटिशीत दिसत होता.

फोन आला नाही तो फक्त ज्यांचा यायला हवा होता त्यांचा. त्याचं कारण पुढे कळलं.

कागद काय बोलले

भाडेपावत्यांनी काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण दोन्हीकडे तेच नाव. पण त्या नुसत्या मोजायच्या नसतात, वाचायच्या असतात. घरमालकांचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, पावत्या गुजरातीत लिहीत. चौतीसच्या जुन्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच पावत्यांच्या कोपऱ्यात बारीक गुजराती अक्षरांत काहीतरी होतं, जे आतापर्यंत सगळ्यांनी सही समजून सोडलं होतं. वाडीतल्या एका गुजराती दुकानदाराने क्षणात वाचलं: 'कारवारवाला'. मेहताजींनाही दोन डी. व्ही. नाईकांचा त्रास होत असणार आणि त्यांनी तो चाळीच्याच पद्धतीने मिटवला होता.

कारवार का, हे सांगायला हवं. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच्या पिढ्यांना नोकरीसाठी जायचं शहर म्हणजे मुंबईच. बोट धरायची आणि यायचं. गिरगावातल्या वाड्यांमध्ये अशी घरं पुष्कळ होती.

मेहताजींचा शेरा मजबूत होता, पण एकट्याने पुरेसा नव्हता. मुलाचं म्हणणं आता बदललं: ठीक आहे, दोन माणसं असतील, पण भाऊ-भाऊच असतील, आणि मग वारसा आमच्याकडेच येतो. बाईंची साक्ष त्याच्या बाजूने होतीच.

इथे जे घडलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. ही समजूत मोडणारा कागद त्याच्याच घरातून निघाला. तेवीसचं कुटुंब भंडारी, म्हणजे इतर मागासवर्गात. या मुलाने इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र काढलं होतं. ज्याने ते काढलंय त्याला माहीत असेल: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, आणि सोबत शपथेवर वंशावळ जोडावी लागते. आडनाव तिथे कुणी विचारत नाही; विचारतात ते पणजोबा, त्यांची मुलं, कोण कुठल्या शाळेत गेलं, दाखल्यावर जात काय लिहिली. त्याच्या वडिलांनी मोठ्या कष्टाने वेंगुर्ल्याच्या शाळेतून आजोबांचा दाखला मिळवला होता आणि वंशावळ लिहून सही केली होती. त्या वंशावळीत आजोबांना एकच भाऊ, आणि तो गावीच शेतावर राहिलेला. मुंबईत कुणी चुलत नाही, मावस नाही. वडिलांनी शपथेवर लिहिलेलं मुलाला खोटं म्हणता येणार नव्हतं, कारण त्याच शपथेवर त्याचा स्वतःचा प्रवेश उभा होता.

फाईल त्यानेच आणून दिली. दडवून ठेवली असती तर आम्हाला पत्ताही लागला नसता. हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

त्यानंतर चौतीसच्या बाजूने शोध सुरू झाला. महापालिकेच्या डी वॉर्ड कार्यालयात, नाना चौकात, जन्मनोंदींत चौतीस नंबरच्या पत्त्यावर एका मुलीचा जन्म सापडला. वडिलांचं पूर्ण नाव होतं, आणि त्यातला 'व्ही' तेवीसच्या 'व्ही'पेक्षा वेगळा. एकाच्या वडिलांचं नाव विठ्ठल, दुसऱ्याच्या वडिलांचं वासुदेव. इतकी वर्षं सगळा गोंधळ त्या एका अक्षराने झाकून ठेवला होता. गिरगावातल्या मुलींच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याच मुलीच्या नावापुढे जात गौड सारस्वत ब्राह्मण, मूळ गाव कारवारजवळचं.

कुलदैवतांबद्दलही विचारून घेतलं. पुरावा म्हणून ते चालत नाही, पण मनातली शंका फिटायला फार उपयोगी पडतं. तेवीसवाले जत्रेला आरवलीच्या वेतोबाला जातात, देवाला केळ्यांचा घड वाहतात. चौतीसवाल्यांची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. हे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "मग भाऊ कसले?" एवढे दाखले ठेवले तेव्हा ज्या हलल्या नाहीत त्या देवाच्या नावावर हलल्या.

ज्या वारसाचं आडनाव नाईक नव्हतं

नोटिशीला उत्तर का आलं नाही? कारण चौतीस नंबरमध्ये आता एकही नाईक उरला नव्हता. डी. व्ही. ऐंशीच्या दशकात गेले. पत्नी २००४ पर्यंत त्याच खोलीत होत्या, मग आजारपणामुळे मुलीकडे डोंबिवलीला गेल्या. जाताना किल्ली स्वतःकडे ठेवली आणि तेवीसच्या आजोबांना सांगितलं, महिन्याचं भाडं तेवढं भरत जा. जुन्या पावत्या मालकाने मागितल्या तर दाखवायला म्हणून तो गठ्ठाही त्यांच्याकडेच दिला. असे दोन गठ्ठे एका ट्रंकेत आले. आजोबा गेल्यावर वडील भरत राहिले. डोंबिवलीहून पैसे काही वर्षं येत होते, मग दोन्हीकडची म्हातारी माणसं गेली आणि आठवण द्यायला कुणी राहिलं नाही. भाडं इतकं क्षुल्लक की कुणी मागितलंही नाही.

मुलगी आता साठीच्या पुढची, लग्नानंतरचं आडनाव वेगळं. वर्तमानपत्रात 'नाईक' दिसलं तरी तिची नजर थांबायचं कारण नव्हतं. चाळीस वर्षांत ते नाव तिने लिहिलेलंच नाही. सापडली ती शाळेमुळे. रजिस्टरमधलं माहेरचं पूर्ण नाव चाळीतल्या तिच्याच वयाच्या एकीला दिलं, तिने ते माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलं आणि संध्याकाळपर्यंत नंबर आला. आडनावाचा या सगळ्या शोधात झालेला हा एकमेव सरळ उपयोग.

या ताई आल्या त्या रेशनकार्ड घेऊन. चौतीस नंबरचा पत्ता, आई-वडील आणि त्यांचं स्वतःचं नाव, दुकानदाराचे शिक्के. सोबत दोन्ही मृत्यूचे दाखले, एक मुंबई महापालिकेचा आणि एक कल्याण-डोंबिवलीचा, आणि स्वतःचं लग्नाचं प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदाशिवाय बाकीचे सगळे निरुपयोगी ठरले असते. नाईकांची मुलगी आणि समोर बसलेली बाई एकच, हे तोच सांगत होता. ज्या बायकांची लग्नं जुनी आणि नोंदणी न झालेली, त्यांचं अशा वेळी काय होत असेल, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही. मुलग्यांना हे कधीच सिद्ध करावं लागत नाही.

तडजोड

बैठक संघाच्या ऑफिसात झाली, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. सुरुवात कडू होती. मुलाचं म्हणणं, इतकी वर्षं भाडं आम्ही भरलं, गॅलरीच्या तुळयांना टेकू लावले तेव्हा चौतीसच्या वाट्याचे पैसेही बाबांनीच दिले, त्याचं काय? ताई म्हणाल्या, हिशोब कर, देते. त्याने वहीतून हिशोब केला. भाड्याची रक्कम हास्यास्पद छोटी निघाली, दुरुस्तीची बऱ्यापैकी. त्यांनी दोन्ही चेकने दिल्या, आणि आम्ही आग्रहाने पावती करून घेतली, कारण या चाळीत यापुढे कुणाच्या ट्रंकेत दुसऱ्याचा कागद राहू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मग मुलाने स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दिलं, नोटरीसमोर. मजकुरावर बराच खल झाला. वकिलांनी लिहिलं होतं, 'सदर डी. व्ही. नाईक यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही'. मुलाने सही करायला नकार दिला. "संबंध नाही कसा? आजोबा त्यांच्या घरी जेवायचे," तो म्हणाला. शेवटी वाक्य झालं: 'आडनाव व आद्याक्षरे समान असली तरी रक्ताचे वा वारसाचे नाते नाही'. दोघांनाही ते मान्य झालं.

यादी दुरुस्त झाली. चौतीससमोर आता पूर्ण नाव, मयत, आणि वारस म्हणून ताईंचं नाव.

संघाने पुढच्या पाहणीचा तक्ता बदलावा असं मी सुचवलं: भाडेकरूच्या नावाजवळ वडिलांचं पूर्ण नाव आणि मूळ गाव असे दोन रकाने. पहिला मंजूर झाला. दुसऱ्याला दोघातिघांनी विरोध केला: गाव विचारलं की मागोमाग जात येते, आणि विकासकाच्या तक्त्यात ती नको. मला आधी हे अति वाटलं. पण आपल्या समाजात नाव लपवायची किंवा बदलायची कारणं कमी नसतात. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक जन्माने विठ्ठल हरी घोटगे होते. नाव त्यांनी स्वतः बदललं आणि पुढे देशाच्या शिक्षणाच्या कागदपत्रांत ते नाईक म्हणूनच राहिले. त्यांना कुणी 'म्हणजे कुठले नाईक?' असं विचारलं असतं तर? रकाना काढून टाकला.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. घरमालकाने चौतीसवर हरकत घेतली आहे: खोली इतकी वर्षं बंद होती, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल तर ताबा मागता येतो. ताईंच्या वकिलांचा युक्तिवाद, मालक तेवढी सगळी वर्षं भाडं घेत राहिला, पावत्या देत राहिला. शिवाय त्याच कायद्यात भाडेकरूच्या व्याख्येत, मृत्यूच्या वेळी सोबत राहणारं कुटुंबातलं कुणी नसेल तर वारसाला जागा आहे. गंमत अशी की आता याच मुद्द्यावर तेवीसच्या ट्रंकेतला तो गठ्ठा सर्वात मोठा पुरावा झालाय, आणि मुलाने तो ताईंच्या वकिलांकडे रीतसर यादी करून सोपवला आहे. सुनावणीची तारीख पडलेली आहे.